शून्य मासे असलेल्या तळ्यावर दोघांना जाऊ देण्याबाबत

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
पर्वतीय जलाशय व मासेमारी विभाग,
दुसरा मजला, खिडकी क्रमांक तीनच्या मागील दालन.

विषय : वरच्या तळ्याचा परवाना याच हंगामात, म्हणजे ओढ्यावरील साकव काढून टाकण्यापूर्वी, मिळण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचे नकारपत्र, दि. २ सप्टेंबर.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज, पैकी एक परत आलेला, एक गहाळ झालेला व एक ‘मजकूर भावनिक’ असा शेरा मारलेला.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा दातांच्या कवळ्या बनवणारा कारागीर असून गेली एकोणीस वर्षे दर हंगामात आपल्या थोरल्या बहिणीसोबत (यापुढे ‘ताई’) वरच्या तळ्यावर गळ टाकण्यास जात आला आहे. परत आलेल्या अर्जात ‘मी’ हा शब्द फार वेळा आला होता. तिसऱ्या खिडकीवरच्या बाईंनी समजावले की या कार्यालयात ‘मी’ कुणी नसतो, अर्जदार असतो. त्यांचे म्हणणे अर्जदाराने शिरोधार्य मानले आहे.

१. वरचे तळे नकाशावर कुठे आहे हे कार्यालयास ठाऊक आहेच. परंतु कार्यालयातील कुणी तिथवर चालत गेल्याचे ऐकिवात नाही, सबब थोडे सांगणे भाग आहे. बस लाकडाच्या वखारीपाशी सोडते व वळून निघून जाते. पहिला दिवस निव्वळ चढणीचा. मुक्काम दगडी निवाऱ्यात, जिथे वनरक्षक परवाना पाहतो आणि परवाना नसलेल्यास पुढे एक पाऊल टाकू देत नाही. दुसऱ्या दिवशी ओढ्यावरचा साकव, मग खिंड, मग मोठमोठ्या धोंड्यांचा उतार, आणि जेवणवेळेच्या सुमारास खाली तळे दिसते. ताईचे वय अडुसष्ट आहे. गुडघ्यांची तक्रार अर्जदाराची आहे, तिची नाही.

२. तळ्याकाठी विभागाने पत्र्याची पेटी ठोकलेली असून तीत नोंदवही असते. परवानाधारकाने निघताना तारीख, माणसे आणि मिळालेले मासे लिहून सही करावयाची असते. हंगाम संपला की वनरक्षक ती पाने कार्यालयात आणतो. यंदा प्रथमच सर्व तळ्यांची पाने तपासली गेली, आणि ज्या तळ्यात गेल्या पाच वर्षांत एकही मासा नोंदलेला नाही ते ‘मत्स्यहीन’ ठरले. वरच्या तळ्यापुढे सगळीकडे शून्य. मासे नाहीत म्हणून परवाना नाही, परवाना नाही म्हणून वाट नको, आणि वाट नको म्हणून १ ऑक्टोबर रोजी साकवही काढून टाकणार, असे नकारपत्रात क्रमाने लिहिले आहे. वाचताना अर्जदाराला त्यात कुठेही खोट सापडली नाही, आणि म्हणूनच त्याच्या पायाखालची जमीन सरकली.

३. आता जे लिहावयाचे आहे ते लिहिण्यासाठी अर्जदार तीन दिवस खोलीत येरझाऱ्या घालत आहे. ती शून्ये खोटी आहेत. पहिल्याच वर्षी दोघांना मिळून अकरा मासे मिळाले होते, अंगावर ठिपके असलेले, हातभर नव्हे पण वीतभर नक्की. ताई शाळेच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षे मदतनीस होती. तापमापकावरचा आकडा कुणी अंदाजे लिहिला तर ती वही परत फेकत असे. त्याच बाईने त्या दिवशी पेन्सिल उचलली आणि अकराच्या जागी शून्य लिहिले. म्हणाली, “अरे, खरा आकडा लिहिला ना, तर पुढच्या वर्षी आपल्याला इथं टेकायला जागा उरायची नाही.” अर्जदार पोट धरून हसला व त्याने खाली सही केली. पुढे दर वर्षी तेच. जे कुणी चुकूनमाकून वर आले त्यांनी वही उघडली, शून्ये पाहिली आणि ते खालच्या तळ्याकडे वळले. खालच्या तळ्यावर आता रांग लागते. त्या रांगेची आम्हा दोघांना वर्षानुवर्षे मोठी मौज वाटत आली. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेत आहोत, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आले नाही.

४. शून्ये पाहूनही ज्यांनी हट्टाने गळ टाकला त्यांना काही मिळाले नाही, हेही खरे आहे. कारण अर्जदार गळाला जे आमिष लावतो ते बाजारात मिळत नाही. कवळीची हिरडी ज्या गुलाबी मसाल्याची करतात, त्याच मसाल्याचा वाटाण्याएवढा मणी तो कामातून वेळ काढून घडवतो. माशांना त्यात काय दिसते देव जाणे, पण त्यावाचून ते ढुंकूनही पाहत नाहीत. हे गुपित अर्जदार प्रथमच कागदावर उतरवीत आहे.

५. तोंडी हे सर्व सांगितले असता खिडकीवर पुरावा मागण्यात आला. मासे आहेत हे सिद्ध करण्यासाठी मासा आणावा. मासा आणण्यासाठी परवाना लागेल. परवान्यासाठी मासे आहेत हे सिद्ध करावे. अर्जदाराने जुने फोटो दाखवले. एकात मासा आहे पण तळे नाही. दुसऱ्यात तळे आहे पण मासा नाही. तिसऱ्यात दोन्ही आहेत, मात्र माशावर ताईचा अंगठा आला असल्याने तो बूटही असू शकतो, असे बाईंचे मत पडले. त्यांनी तो फोटो उलटासुलटा करून मनापासून पाहिला, एवढे नमूद करणे न्यायाचे होईल.

६. एवढी घाई का, पुढल्या वर्षी पाहू, असे आपण म्हणाल. ताईच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग धरला आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे की पुढल्या हंगामापर्यंत तिला कडेकडेचे दिसेल, मधले दिसणार नाही. पाण्यावर तरंगणारे लाल बूच मधेच असते, महोदय. ते बुडताना तिला आणखी एकदा दिसावे, एवढ्यासाठी हा चौथा अर्ज आहे. नकारपत्र आल्याचे अर्जदाराने तिला सांगितलेले नाही. तिच्याच शून्यांनी तिची वाट बंद केली, हे कोणत्या तोंडाने सांगावे? कागद फिरतो आहे, असे तो सांगत राहतो. ती रोज सकाळी बुटांना तेल लावते. दोघांच्या पाठपिशव्या बारा दिवसांपासून दाराशी भरून ठेवलेल्या आहेत आणि घरात येणारा प्रत्येक जण त्यांना अडखळतो. अर्जदाराचे चित्त थाऱ्यावर नाही. परवा त्याने एका गृहस्थाच्या कवळीत उजवी दाढ डावीकडे बसवली; तीस वर्षांच्या कामात असे कधी झाले नव्हते.

७. सबब विनंती अशी की,
(अ) दोन माणसांचा परवाना या महिन्यात द्यावा.
(आ) ते शक्य नसल्यास, काठी, दोरी व बूच नेण्याची परवानगी द्यावी. गळ काढून खिडकीवर जमा करू. बूच वाऱ्यानेही हलते.
(इ) तेही शक्य नसल्यास, तळे खरोखर मत्स्यहीन आहे काय याची पाहणी करण्यास एखादा अधिकारी पाठवावा व त्याचे सामान वाहण्यासाठी आम्हा दोघांस नेमावे. ताई हलके सामान उचलेल.
(ई) खोट्या नोंदींबद्दल जी शिक्षा असेल ती एकट्या अर्जदारास द्यावी. फक्त ती १ ऑक्टोबरनंतर सुरू व्हावी.

तळ्याबद्दल कुणाजवळ चकार शब्द काढणार नाही, असे अर्जदाराने ताईस वचन दिले होते. ते या अर्जाने मोडले आहे, तरी हा कागद तिच्या हाती पडणार नाही अशी काळजी घ्यावी.

दि. १४ सप्टेंबर

पुरवणी, दि. १६ सप्टेंबर

वरील अर्ज काल दाखल करण्यास गेलो असता बाईंनी सही पडताळण्यासाठी नोंदवहीच्या पानांचा गठ्ठा काढला. वरचेच पान मागल्या वर्षीचे होते. यापुढे अर्जदार न लिहिता मी लिहितो. बाईंनी एवढे चालवून घ्यावे.

त्या पानावर ताईच्या अक्षरात असे आहे : ‘मासे सात. सर्व सोडले. ओढा तळ्यात शिरतो तिथे उजव्या धोंड्यामागे बसावे. गुलाबी मणी पेटीत ठेवला आहे.’ खाली माझी सही आहे. मी पिशव्या आवळत होतो आणि दर वर्षीप्रमाणे न वाचताच सही केली. सातावर कार्यालयाने लाल शाईने काट मारून शेजारी लिहिले आहे : ‘मागील नोंदींशी विसंगत. चूक समजून शून्य धरावे.’

मागल्या वर्षी उतरताना ती सारा वेळ माझ्या पिशवीचा पट्टा धरून चालत होती. मला वाटले, थकली असेल. मी तिला दोनदा चिडवलेसुद्धा. डोळ्यांचे तिला तेव्हाच कळले होते, आणि तिने मला न सांगता तळे पुढच्या माणसाच्या हवाली करून टाकले होते. तिला चिडवल्याचे आता फार वाईट वाटते.

घरी जाऊन मी तिला सगळे सांगितले. नकारपत्र, शून्ये, मोडलेले वचन, काहीच ठेवले नाही. तिने बुटाची नाडी ओढून आवळली. मग म्हणाली, “मला वाटलं, आता काही माझं येणं होत नाही. जागा तरी कुणाला तरी कळू दे.” आणि थोड्या वेळाने, “एकदाच खरं लिहिलं, तर तेच खोडलं होय त्यांनी?”

महोदय, एकोणीस नोंदींपैकी अठरा खोट्या होत्या, त्या आपण खऱ्या मानल्या. एक खरी होती ती चूक ठरवली. दोष आपला नाही. ती सवय आम्हीच आपणास लावली. वरील (अ) ते (ई) या मागण्या मी मागे घेतो. माझी मागणी एकच : ती लाल काट रद्द करावी. गेल्या पाच वर्षांत सात मासे नोंदलेले असतील तर आपल्याच नियमाने तळे मत्स्यहीन राहत नाही, साकव जागच्या जागी राहतो, आणि परवान्याला अडचण उरत नाही.

उद्या खिडकी उघडण्यापूर्वीच मी बाकावर येऊन बसतो. ताई सोबत येणार आहे. ते पान तिच्यासमोर ठेवावे. तिला अजून स्वतःचे अक्षर वाचता येते.

आपल्या बाकावर वाट पाहणारा,
(सही)
कवळ्या बनवणारा, वरच्या तळ्याचा एकोणीस वर्षांचा परवानाधारक

सोबत :
१) नकारपत्राची प्रत.
२) डोळ्यांच्या डॉक्टरांचा दाखला.
३) फोटो तीन. तिसऱ्यातील वस्तू मासा आहे.
४) गुलाबी मणी, एक. ताईने स्वतः पाकिटात घातला आहे. परत नको, आपण कधी वर गेलात तर लागेल, असे तिने सांगितले आहे.