नदीच्या वळणावरील पाणथळाच्या नोंदीतील तीन शून्यांबाबत

प्रति,
मा. सहायक नोंदणी अधिकारी,
नदी व पाणथळ नोंदणी शाखा,
दुसरा मजला, जिन्यालगतची खोली.

विषय: जागा क्रमांक ३८ (नदीचे वळण व लगतचे पाणथळ) हिच्यासमोरील पहिली तीन शून्ये काढून तेथील रकाने कोरे ठेवण्याबाबत.

संदर्भ: १) माझे यापूर्वीचे सहा अर्ज. २) आपल्या शाखेकडून आलेली त्यांवरील दोन उत्तरे. ३) फेरमोजणीचा तक्ता, माझ्या सहीचा.

महोदय,

१. हा माझा सातवा अर्ज आहे. आधीच्या सहा अर्जांत जे मागितले होते ते यात मागितलेले नाही. त्यामुळे 'पूर्वीचाच विषय' असा शेरा मारून तो फाईलला लावू नये, ही पहिली विनंती.

२. अर्जदार एकतीस वर्षे नदीकाठच्या पंपघरात चालक होता. दर तासाला पाण्याची पातळी पाहायची आणि वहीत लिहायची, हे काम. पाहिल्याशिवाय लिहायचे नाही, हा तिथला पहिला धडा. मोठ्या चालकांनी तो मला कान धरून शिकवला होता. पंपघराच्या खिडकीतून पातळी पाहता पाहता पक्ष्यांचा नाद लागला आणि पुढे तो नाद पत्नीलाही लागला. आपल्या शाखेच्या पक्षीमोजणीत आम्ही दोघांनी सतरा वर्षे स्वेच्छेने काम केले. वर्षातून तीनदा, सूर्योदयापासून दोन तास. असे एक्कावन्न तक्ते आपल्याकडे जमा आहेत आणि त्यांतल्या एकावरही आजवर कोणी प्रश्नचिन्ह काढलेले नाही.

३. पत्नी शिवणकाम करी. माझे कान बरे आणि तिची नजर बरी, त्यामुळे पक्षी कोणता ते मी सांगायचे आणि किती ते तिने, अशी वाटणी होती. मोठा थवा एकेक करून मोजता येत नाही. आधी दहा मोजायचे, दहा म्हणजे केवढे ते डोळ्यांत बसवायचे आणि मग तेवढे तेवढे करत पुढे सरकायचे. दर दहाला ती एक बटण डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकी. एका हिवाळ्यात एकशे बारा बटणे झाली. तिच्याजवळ एकशे दहाच होती, म्हणून तिने माझ्या कोटाची दोन तिथल्या तिथे दाताने तोडून घेतली. थंडीने माझी दातखीळ बसायची वेळ आली होती, पण बोलायची सोय नव्हती, कारण बोलले की तिचा आकडा चुके.

४. सदर जागा आपण पाहिलेली नसावी, म्हणून थोडक्यात वर्णन देतो. उन्हाळ्यात पाणी आटून चिखल उघडा पडतो. त्यात शेकाटे आपले लांब लाल पाय उचलून उचलून फिरतात, जणू चिखल त्यांना आवडत नाही. टिटवी खड्यांतच अंडी घालते आणि ती अंडीही खड्यांसारखीच दिसतात, त्यामुळे आम्ही त्या बाजूला चप्पल हातात घेऊन चालत असू. पावसाळ्यात पाणी पार पाणकणसांत शिरते. तेव्हा दिसते कमी आणि ऐकू येते जास्त. पाणकोंबडी आपली काळी पिल्ले मागे घेऊन गवतातून निघते, तेवढी मात्र हमखास दिसे. हिवाळ्यात दुरून पाहुणे येतात. थापटे बदकांचे जथेच्या जथे गोल गोल फिरत चोचीने पाणी चाळतात, मधूनमधून चांदवे एकमेकांच्या अंगावर धावून जातात, काठावर धोबी शेपटी हलवत बसतो. राखी बगळा बाराही महिने असे. तो एकटाच उभा राहायचा आणि पत्नी त्याला 'साहेब' म्हणायची. हे आपल्या पदाला उद्देशून नव्हते.

५. आता मुख्य मुद्दा. पक्षी मोजणाऱ्यांत एक साधा नियम आहे. जो गेला, दोन तास उभा राहिला आणि ज्याला काहीच दिसले नाही, त्याने शून्य लिहावे. जो गेलाच नाही, त्याने रकाना कोरा ठेवावा. या दोन गोष्टींत जमीनअस्मानाचा फरक आहे. गेल्याच्या गेल्या वर्षी, पावसाळी मोजणीच्या चार दिवस आधी, पत्नीला दवाखान्यात दाखल करावे लागले. मी मोजणीला गेलो नाही. हिवाळ्यातही गेलो नाही. हिवाळ्याच्या अखेरीस ती गेली. उन्हाळ्यात जायला मला कोणीच अडवलेले नव्हते, पण दुर्बीण हातात घेववली नाही. तिन्ही वेळा मी तक्त्यावर जागेचा क्रमांक व तारीख घालून सही केली, रकाने कोरे सोडले, पाठीमागे 'मोजणी झाली नाही' असे लिहिले आणि मुदतीच्या आत तक्ते आपल्याकडे पोहोचते केले. आयुष्यभर वेळेवर वही भरल्याची ही खोड.

६. आपल्या शाखेत तक्त्याची फक्त पुढची बाजू संगणकात घेतात आणि कोऱ्या रकान्यात संगणक आपणहून शून्य भरतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. लागोपाठ तीन शून्ये आली की जागा 'पक्षीविरहित' ठरते, नोंदवहीतून वगळली जाते आणि 'भराव टाकण्यास योग्य' जागांच्या यादीत जाते, हेही ठाऊक नव्हते. तक्ते पाठवलेच नसते तर 'माहिती आली नाही' एवढाच शेरा बसला असता आणि वळण आजही नोंदवहीत असते, असे मला खिडकी क्रमांक चारवर समजावून सांगण्यात आले. पलीकडच्या तळ्याचे तक्ते सहा वर्षे कोणी पाठवलेले नाहीत. ते तळे सुखरूप आहे.

७. गेल्या पावसाळ्यात मी मन घट्ट करून एकटाच गेलो. दोनशे चौदा पक्षी मोजले. एकट्याने मोजल्यामुळे चारपाच इकडेतिकडे झाले असतील. तो तक्ता 'अस्तित्वात नसलेल्या जागेची मोजणी स्वीकारता येत नाही' या शेऱ्यासह परत आला. मी तो पुन्हा पाठवला. तो पुन्हा परत आला. या अर्जासोबत तो जोडलेला नाही, त्याला आता तिसऱ्यांदा कशाला दमवू?

८. त्यानंतर सहा अर्ज आणि या जिन्याला घातलेले खेटे. दोन उत्तरे मिळाली. पहिल्यात असे कळवले होते की, शून्य असलेल्या तिन्ही मोसमांत सदर जागी पक्षी उपस्थित होते, याबद्दल दोन प्रत्यक्षदर्शींचे लेखी निवेदन सादर करावे. त्या जागी सतरा वर्षे उभे राहणारी माणसे दोनच होती. एक दवाखान्यातल्या खाटेवर होती आणि दुसरा खाटेशेजारच्या लोखंडी स्टुलावर. दुसऱ्या उत्तरात कळवले होते की, अर्जदार हा सदर शून्यांवर स्वतः सही करणारा असल्याने त्यास त्या शून्यांविरुद्ध हरकत घेता येणार नाही. हे वाक्य मी बऱ्याचदा वाचले. त्यात चूक काढता येत नाही, हेच त्याचे दुखणे आहे.

९. खिडकी क्रमांक चारवरील लिपिकबाईंबद्दल माझी तक्रार नाही, उलट त्यांनी माझ्यासाठी नको इतके केले. डिसेंबरात भरावाच्या गाड्या सुरू झाल्या, त्या आठवड्यात त्यांनी मला जिन्याच्या आड बोलावून तीन नवे कोरे तक्ते दिले. "काका, जुन्या तारखा घाला आणि मागच्या वर्षांचे आकडे उतरवा. जुने तक्ते चुकून लागले होते असं मी दाखवते. कुणाला काय कळतंय?" असे त्या म्हणाल्या. त्यांच्या नोकरीचा प्रश्न येईल म्हणून हे लिहावे की नाही याचा मी पुष्कळ विचार केला, आणि त्यांनीच "लिहा, माझी बदली तशीही झाली आहे" असे सांगितल्यावर लिहीत आहे. ते तक्ते मी घरी नेले. जेवणाच्या टेबलावर ठेवले. पेनाचे टोपण काढले.

१०. मुलगी माझ्याजवळच राहते. ती समोर येऊन बसली. "लिहा ना बाबा. खोटं कसलं त्यात? पक्षी होतेच तिथे. आई असती तर तिनं डोळे मिटून लिहिलं असतं." मला आजही माहीत नाही, तिने लिहिले असते की नाही. लिहिलेही असते. ती माझ्याइतकी हट्टी नव्हती. पण कोणत्या पक्ष्यापुढे कोणता आकडा लिहू? त्या पावसाळ्यात पाणकोंबडीला किती पिल्ले होती? मी पाहिली नव्हती. तासाभराने मी टोपण लावले आणि दुसऱ्या दिवशी तक्ते जसेच्या तसे परत केले. तेव्हापासून मुलगी माझ्याशी औषधाच्या वेळांपलीकडे बोलत नाही. तीन तक्ते भरले असते तर वळण वाचले असते, असे ती धरून चालते. तिचे खरे असावे, असे मलाही दर सकाळी वाटते.

११. शेवटी आपण फेरमोजणी मंजूर केलीत, त्याबद्दल आभार. आदेश निघाला डिसेंबरात, तो आपल्या शाखेच्या निरीक्षकांच्या हाती पडला फेब्रुवारीत. तोपर्यंत वळणाचा दोनतृतीयांश भाग दगडविटांच्या राडारोड्याखाली गेला होता. निरीक्षक आणि मी तीन सकाळी, दोन दोन तास, उरलेल्या पाण्याशेजारी उभे राहिलो. निरीक्षकांचे गुडघे धरलेले असूनही ते एकदाही बसले नाहीत, हे नमूद करतो. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी रोलरवर एक कावळा बसला, पण तक्त्यात फक्त पाणपक्ष्यांना जागा आहे. तिसऱ्या दिवशी, वेळ संपायला दहा मिनिटे असताना, तुतवार, म्हणजे काठाने पळणारा चिमुकला पाणपक्षी, ओरडला. एकटाच, बारीक आवाजात, तीनदा. निरीक्षक माझ्याकडे वळून म्हणाले, "काका, आला ना आवाज? लिहा एक. मी सही करतो. एक लिहिला तरी काम थांबवता येतं."

१२. आवाज पलीकडच्या काठावरून आला होता. पलीकडचा काठ जागा क्रमांक ३८ मध्ये येत नाही. मी उरलेली दहा मिनिटे दुर्बीण लावून उभा राहिलो. तो अलीकडे आला नाही. मी सगळ्या रकान्यांत शून्य लिहिले आणि खाली सही केली. निरीक्षकांनी मला त्यांच्या दुचाकीवरून घरापर्यंत सोडले. घरी मी हे अजून सांगितलेले नाही.

१३. तेव्हा वळण वाचवावे, अशी माझी आता विनंती नाही. भराव थांबवावा, असेही म्हणत नाही. गाड्या रोज येतात आणि पुढच्या महिन्यात काम संपेल, असे ठेकेदाराच्या मुकादमाने मला आपणहून सांगितले. माझी विनंती एवढीच आहे की, नोंदवहीत जागा क्रमांक ३८ समोर आज ओळीने चार शून्ये दिसतात. पुढे कधी कोणी ती वही उघडली, तर त्याला वाटेल की ही जागा आपली आपणच हळूहळू मेली, आणि नीट मरेपर्यंत माणसे येऊन पाहत होती. असे झालेले नाही. चौथे शून्य माझे आहे. ते मी उभे राहून, पाहून लिहिले आहे. ते राहू द्यावे, त्याची जबाबदारी मी घेतो. पहिली तीन कोणीही पाहून लिहिलेली नाहीत. ती काढावीत. त्या तीन मोसमांत वळणावर हजार पक्षी असतील किंवा एकही नसेल, मला ते सांगता येणार नाही. आम्ही दोघे तिथे नव्हतो, एवढेच मी सांगू शकतो, आणि एवढेच तिथे लिहिलेले असावे.

आपल्या दुसऱ्या मजल्याच्या पायऱ्या पाठ झालेला,
एक नम्र अर्जदार

(सही)
निवृत्त चालक, नदीकाठचे पंपघर
दिनांक: ११ मार्च

सोबत:
१) तीन मूळ तक्त्यांच्या छायाप्रती. पाठीमागची बाजूही जोडली आहे, कृपया उलटून पाहावी.
२) फेरमोजणीच्या तक्त्याची प्रत.
३) पत्नीच्या दवाखान्यातील दाखल्याची व मृत्यूच्या दाखल्याची प्रत. उन्हाळ्यातील गैरहजेरीसाठी माझ्याजवळ कोणताही दाखला नाही.