डचेस आणि हार्लनचा विश्वासघात

३ मार्च
ओकालाच्या जत्रेतून साप घेऊन आलो. नाव ठेवलं डचेस. जात मिल्क स्नेक, अगदी बिनविषारी. पण लाल, काळे, पिवळे पट्टे असे, की बघणाऱ्याला विषारी कोरल सापच वाटावा. लॉरीन म्हणाली, गॅरेजमध्ये ठेव. बायकोला सौंदर्यदृष्टी नाही. उद्यापासून सापांचा पद्धतशीर अभ्यास.

९ मार्च
अभ्यास राहिला. शेजारचा हार्लन आला आणि गॅरेजच्या दारातच थबकला. कोरल आहे का, विचारत होता. मी नुसता हसलो. हसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

१५ मार्च
अंगणात मासे तळायला शेजारीपाजारी सगळे जमले. डचेसला मनगटावर गुंडाळून बाहेर आलो. सगळे मागे सरकले. इतकी वर्षं इन्शुरन्स विकतोय, पण माझं बोलणं कोणी असं कान देऊन ऐकलं नव्हतं. सांगितलं, विषारी साप मालकाला ओळखतो. लॉरीन कोबीचं कोलस्लॉ ढवळत माझ्याकडे बघत राहिली. समजूतदार आहे.

२ एप्रिल
हार्लनला खरं सांगायचं पक्कं केलं होतं. पण तो पीचची गोड पेस्ट्री घेऊन आला, म्हणाला, तुझ्यासारखी छाती माझी नाही. त्याचीच पेस्ट्री खाताना तो विषय काढणं बरं दिसलं नसतं. पुढच्या आठवड्यात नक्की.

११ एप्रिल
सकाळी डचेसला गवतावर उन्हात सोडलं आणि फोन घ्यायला आत गेलो. परत येतो तर हार्लन फावडं टेकून उभा. घामाने निथळत होता. डचेसचे दोन तुकडे.
"तू कुठे दिसेनास," तो म्हणाला. "मला वाटलं, डसली तुला."
इतकी जुनी मैत्री, आणि आधी एक हाक मारावीशी वाटली नाही. लाल पट्ट्याला काळा चिकटलेला असला की साप बिनविषारी, हे फ्लोरिडात जन्मलेल्या माणसाला कळू नये? याला विश्वासघातच म्हणतात.
लॉरीनने विचारलं, त्याला खरं काय ते मी सांगू का? नको म्हटलं. बिचाऱ्याला वाईट वाटेल.

१२ एप्रिल, रविवार
चर्चमध्ये पाद्रीबाबांनी हार्लनला उभं केलं. शेजाऱ्यासाठी जिवावर उदार झालेला माणूस म्हणाले. टाळ्या. मग मला म्हणाले, डेल्बर्ट, तूही दोन शब्द बोल. सगळं सांगून टाकायचं ठरवूनच उठलो.
"हार्लन," मी म्हणालो, "तुझे उपकार कसे फेडू?"
त्याने मला मिठी मारली. रडत होता. बराच वेळ सोडलंच नाही.