दुपारची मागणी

३ जून, सोमवार
आठला ऑफिस उघडलं. वडगावात चार घरांची नेटची केबल बदलली, उद्यमबागेतून दोन तक्रारी आल्या. हे जाऊन आज दोन महिने झाले.

आमच्याकडं कामाला असलेली रचना दिवसभर आतल्या खोलीत, त्या पेटीपाशी. पेटी म्हणजे यांनी बसवलेला कॅश सर्व्हर. गिऱ्हाइकानं व्हिडिओ मागितला की मागणी आधी तिथं वळते. प्रत असली तर तिथूनच मिळते, बाहेरची लाईन मोकळी राहते. "समदं अण्णांनीच शिकवलं मला," म्हणते. — मला त्या खोलीत ये म्हणून कधी सांगितलं नाही!

घरी सासूबाई. पोटचा मुलगा गेला, पण रडल्या नाहीत. दुपारी जेवून मोबाईल घेतात आणि खोलीचं दार लावतात.

५ जून
पेटी भरत आली. जुनं पुसायला हवं म्हणून रचनानं यादी काढली. त्यात हे! पहिल्या दिवशी चाचणीसाठी काढलेला व्हिडिओ. बावीस सेकंद. हात हलवतात, हसतात — "रचना, आलं का गं तिकडं?"

माझ्याकडं बघून असं कधी हसले?

"वहिनी, ह्येची दुसरी प्रत न्हाय हं. अण्णांचा मोबाईल अपघातातच गेला."

आता ही गोष्टसुद्धा मला हिच्याकडूनच कळायची!

६ जून
भाकरी थापताना कानात तेच. रचना, आलं का गं.

८ जून
ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पेटीच्या नोंदी उघडून बघितल्या. तो व्हिडिओ रोज कुणीतरी मागतं. एकदाच. दुपारी दोनला. दोनला रचना कोपऱ्यात डबा खाते, मोबाईल समोर धरून. विचारलं नाही. विचारायचं काय?

१० जून
रचना खडेबाजारात सामान आणायला गेलेली. मी त्या खोलीत गेले. व्हिडिओ पुसला. नक्की पुसायचा का, मशीननं विचारलं. हो म्हटलं.

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

११ जून
डोकं दुखत होतं म्हणून दुपारी घरी आले. सासूबाई उंबऱ्यात, मोबाईल माझ्यापुढं धरून.

"नेट गेलंय काय गं? माझा शामू दिसंना झालाय. त्येनंच ह्यात बटन करून दिलंतं. रोज दोनला दाबलं की येतोय की."

"बघते," म्हटलं.

माडीवर गेले. राऊटर बंद केला. दहापर्यंत मोजलं. परत चालू केला.