घरमाशी, चिलटं आणि जॅमचा परवाना

आदरणीय वन्सं,

तुमच्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (ते अजून ठिकाणावर आहे, याचंच मला नवल वाटतं.) तुमचे गुडघे आता कसे आहेत? आमच्याकडे सगळ्या मजेत आहेत. सगळ्या म्हणजे माश्या.

तुमचे बंधुराज शाळेतून निवृत्त झाले त्याला चार महिने झाले. तीन महिने भिंतीकडे बघत बसले आणि चौथ्यात माश्यांचा अभ्यास काढला. गॅलरीत बादलीभर कुजका कचरा, ही घरमाशीची सोय. स्वयंपाकघराच्या खिडकीत सात बरण्यांत काळी पडलेली केळी, ही चिलटांची. घरमाशी म्हणे उकिरड्यावर बसते, अन्नावर लाळ टाकते आणि ते पातळ झालं की शोषून घेते. चिलटांना मात्र आंबलेलं फळ आणि त्यावरचं यीस्टच लागतं. (हे सगळं जेवताना सांगतात. लाळेपर्यंत आले की मी ताट सोडून उठते.)

माझ्या जॅमच्या परवान्यासाठी मंगळवारी अन्न तपासनीस बाई यायच्या होत्या. दोन वर्षं त्या कागदामागे धावतेय मी! सकाळीच बरण्या कपाटात कपड्यांमागे कोंबल्या, बादलीवर जुनी चादर टाकली, फरशी दोनदा पुसली. बाई आल्या, ओटा बघून खूश दिसल्या. तेवढ्यात एक चिलट त्यांच्या चष्म्यावर येऊन बसलं.

"हे काय?"

मी तोंड उघडायच्या आत हे वही घेऊन हजर. "घाबरू नका बाई, ही माशी घाणीवर बसत नाही. घाणीवर बसते ती वेगळी. ती गॅलरीत आहे. दाखवू?"

आणि दाखवली हो! वर कपाट उघडून बरण्याही दाखवल्या. बाईंनी शांतपणे लिहिलं, 'माश्या, दोन प्रकारच्या.' हे वाकून म्हणाले, "बरोबर." परवाना महिनाभर लांबला.

मी इतकी ओरडले, की वरच्या मजल्यावरच्यांनी टीव्ही बंद केला (नीट ऐकू यावं म्हणून). बरण्या, बादली, सगळं फेकून दिलं. तेव्हापासून हे पुन्हा भिंतीकडे बघतात, आणि मी ह्यांच्याकडे.

लोभ आहेच, राग तेवढा ह्यांच्यावर.

तुमची भावजय

ता. क. : बाई पुन्हा बारा तारखेला येणार आहेत. काहीही कारण काढा, पण त्याआधी ह्यांना तुमच्याकडे बोलावून घ्या.

दुसरा ता. क. : आल्यावर त्यांना काहीतरी विचारत राहा, कशाबद्दलही. कोणी काही विचारलं की हे नीट जेवतात. आणि चार दिवसांच्या वर ठेवून घेऊ नका.