टेप लपवणारा शिंपी

तीर्थरूप ताई,

धाकट्या भावाचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत, भावोजींचा खोकला गेला का, ते कळव. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून तसं लिहितो; आता जे झालं ते सांगतो.

तुझी लेक (हल्ली मी तिला वकीलबाई म्हणतो, का ते पुढे कळेलच) दवाखान्यातून माझ्याकडे आली त्याला येत्या रविवारी सहा आठवडे होतील. सोडायला आलीस तेव्हा डोळे पुसत म्हणालीस, माझ्या हातचं तिला विष झालंय, आता तूच बघ. मीही छाती फुगवून म्हणालो की आठ दिवसांत पोर ताट चाटूनपुसून ठेवेल. त्या वाक्याबद्दल माफी असावी.

डॉक्टरबाईंनी पहिल्याच भेटीत दोन गोष्टी बजावल्या. वजन आणखी उतरलं तर पुन्हा भरती करावं लागेल, आणि घरात वजनकाटा नको, मोठा आरसा नको, आपलं अंग मोजता येईल असं काहीच तिच्या हाताशी नको. मी मान डोलावली आणि जिना उतरताना आठवलं की मी शिंपी आहे. घर माडीवर, दुकान खाली, दुकानात भिंतभर आरसा आणि माझ्या गळ्यात अष्टौप्रहर टेप. आरशावर अस्तराचं कापड टाचलं, टेपा खणात कोंडल्या आणि पंधरा दिवस नजरेच्या अंदाजानं शिवलं. गिऱ्हाईक विचारी, कसं दिसतंय. मी म्हणे, माझ्यावर विश्वास ठेवा. समोरच्या शाळेच्या हेडमास्तरांनी ठेवला. त्यांच्या कोटाची एक बाही मनगटापर्यंत आहे, दुसरी बोटांच्या टोकापर्यंत, आणि सभ्य गृहस्थ असल्यामुळे ते तो हात खिशात घालून हिंडतात. त्या बाह्या बघून वकीलबाईंनाच इतका त्रास झाला की त्यांनी डॉक्टरबाईंकडे रीतसर लेखी अर्ज केला: टेप परत यावी, फक्त कापडाला लावली जाईल. अर्ज मंजूर झाला. आरसा अजून झाकलेला आहे.

आता जेवणाचं. माझी समजूत अशी की हसतखेळत बसलं की चार घास जास्त जातात. म्हणून रेडिओ लावला, शेजारच्या घड्याळवाल्याला गप्पांना बोलावलं, आणि वर माझं तोंड (ते तुला लहानपणापासून माहीत आहे). पोर कानांवर हात ठेवून उठून गेली. दुसऱ्या दिवशी म्हटलं, जबरदस्ती नको, भूक लागली की सांग. साडेचार वाजले. विचारलं, अगं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, "लागली नाही म्हणून सांगितलं नाही." मी तोवर उपाशी, मला ब्रह्मांड आठवलेलं. तिसऱ्या दिवशी काकुळतीला येऊन म्हटलं, थोडं तरी खा. "थोडं म्हणजे किती?" आता ताई, बाही थोडी आखूड करा म्हणणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी तीस वर्षं हाच प्रश्न विचारत आलोय.

डॉक्टरबाईंकडे धावलो. त्या म्हणाल्या, ॲनोरेक्सिया झालेल्या बऱ्याच जणींमध्ये ऑटिझमची लक्षणंही सापडतात. सगळ्यांत नाही, पण हिच्यात आहेत. गोंगाट तिला टोचतो, पोटातून येणारी हाक तिला नीट ऐकू येत नाही, आणि एकदा नियम झाला की तो मोडता मोडत नाही. नियम कुठून आला तेही कळलं. सातवीत कुणा बाईंनी वर्गाला सांगितलं होतं, मुलांनो, कमी खाणं चांगलं. बाकीची एकोणचाळीस पोरं घंटा होईपर्यंत विसरली. आपली तेवढी आज्ञाधारक निघाली, कमी, त्याहून कमी, अशी सहा वर्षं. बारीक होण्याचं भूत मागाहून मानगुटीवर बसलं. आणि आपण तिला हट्टी म्हणत होतो. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडलो, हे घड्याळवाल्याला कळता कामा नये.

मग घरी येऊन तक्ता केला. ठरलेली वेळ, तीच निळी थाळी, एका पदार्थानं दुसऱ्याला शिवायचं नाही, किती वाढायचं ते आहारतज्ज्ञ बाईंनी लिहून दिलेलं, आणि मामाच्या तोंडाला कुलूप. जमलं. तिसऱ्या आठवड्यात मला राहवलं नाही, म्हणालो, वा, चेहऱ्यावर काय तेज आलंय. दोन दिवस थाळी जशीच्या तशी परत. (तिच्या शब्दकोशात तेज म्हणजे जाड.) ते निस्तरतोय तोवर माझी सगळ्यांत जुनी गिऱ्हाईक, बँकेतल्या बाई, ट्रायलला आल्या आणि पोरीला म्हणाल्या, किती बारीक गं, कसं केलंस, मलाही सांग. मी त्यांना अर्ध्या शिवलेल्या ड्रेससकट बाहेर काढलं. टाचण्या आतच राहिल्या होत्या, त्यामुळे कोपऱ्यापर्यंत त्यांचं "आई गं" ऐकू येत होतं.

परवा तपासणी झाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, भरती करायची गरज नाही. आकडा त्यांनी सांगितला नाही, मी विचारला नाही.

तुझा (गप्प बसायला शिकत असलेला) भाऊ

ता. क. तक्ता मी केला असं वर लिहिलंय. तो तिनं केला. मी पट्टीनं रेघा मारल्या.

आणखी एक ता. क. काल तिनं विचारलं, शिवणीच्या आत जास्तीचं कापड कशाला सोडतोस? म्हटलं, पुढेमागे अंग भरलं तर उसवून घेता यावं म्हणून. त्याला माया म्हणतात. "किती सोडायची?" दोन बोटं. "कोणाची?" मग पट्टीनं माझी बोटं मोजून झाली. बटणं निवडता निवडता म्हणाली, माझ्या नव्या ड्रेसला चार सोड. मी खडू घेतला आणि चार बोटं सोडून खूण केली.

शेवटचा ता. क., आणि पत्र याच्यासाठीच. रविवारी तू तिला न्यायला येणार. तिला यायचंय, पण तुझ्याशी बोलायचं म्हटलं की शब्द फुटत नाही. म्हणून तिनं हे सगळं वाचून (शुद्धलेखनाच्या अकरा चुका काढून) खाली स्वतः लिहिलंय:

"आई, तुझ्या हातचं नको असं मी कधीच म्हटलं नव्हतं. मी जेवेपर्यंत तू जेवायची नाहीस आणि समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहायचीस. मला माझी भूक कळत नाही, पण तुझी कळायची. मग घास उतरायचा नाही. रविवारी साडेबाराला माझ्या शेजारी बस आणि तू जेव. मामाला मी बाहेर पाठवणार आहे. तुझ्या जेवण्याचा आवाज मला चालतो."