वाळक्या लिंबाची आंबील

आये, निघताना तू विचारलं होतंस, तिकडची माणसं खात्यात तरी काय. गाडी सुटायला आली होती, मी म्हणालो, आल्यावर सांगतो. ते सांगायचं राहिलं ते राहिलंच. आज माझे केस तुझ्यापेक्षा जास्त पिकलेत, तेव्हा कुठं बसलोय सांगायला. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून लिहिता लिहिता मी मनात मोठ्यानं बोलतोय, आणि तू चुलीकडं तोंड करून, पाठ न वळवता, "व्हय का? मग?" म्हणतेस असं धरून चाललोय.

तर ऐक. मुंबईच्या व्यापाऱ्याचा तांदूळ आणि आपल्याकडचा गूळ घेऊन आगबोट अरबांच्या मुलखात, बसऱ्याला जायची आणि खजूर घेऊन परत यायची. गुळाची ढेप वाजवून आत ओल आहे की नाही ते मी सांगतो, हे त्या शेटजीच्या कानावर गेलं आणि मालाबरोबर त्यानं मला धाडलं. उतरलो तर नदीच्या दोन्ही काठांनी नुसती खजुराची झाडं. पहिल्याच दिवशी एकानं पिवळा, अर्धाकच्चा खजूर हातावर ठेवला. कच्च्या पेरूसारखा कडक. चावला तर जीभच आवळली, थुंकणार तोवर आतून गोडी यायला लागली, मग थुंकवेना. तिथल्या बायका भट्टीत रोटी लावतात. भट्टी म्हणजे जमिनीत उभा केलेला मोठा रांजण समज, आत निखारे. बाई खांद्यापर्यंत हात आत घालते आणि रोटी कडेला चिकटवते. गल्लीतून जाताना भिंतीपलीकडून तो थप्प आवाज आला की मी थबकायचो. वाटायचं, कुणीतरी भाकरी थापतंय.

मासा पाठीकडनं चिरून, उघडा करून, काटक्यांवर जाळासमोर उभा करतात. थंडीत माणसं शेकोटीभोवती बसतात ना, तसे मासे बसलेले. मीठ आणि धूर, तिसरं काही नाही. मी इकडं तिकडं बघितलं, चटणी कुठं दिसेना, मग तू बांधून दिलेली काढली. सोबतचा दुभाषा मोठा बोलका माणूस, घोड्यांच्या व्यापाऱ्यांबरोबर मुंबईत राहिलेला, तिथली हिंदुस्थानी बोलायचा. त्यानं तुझी चटणी चांगली बोटभर चाटली. डोळ्यांतून धारा, नाक लाल, बोलता येईना. जरा सावरला तसा पहिलं काम काय केलं असेल, तर लांबच्या दोस्ताला हाक मारून बोलावलं आणि त्यालाही चाटवली. तेव्हाच मला कळलं, आपलं जमणार इथं. कॉफी मात्र काडेचिराईत. इवल्या पेल्यात, दूध नाही, साखर नाही. मी गुळातला माणूस, पहिल्या घोटाला माझं तोंड बघून सगळी बैठक हसली.

हे सगळं मी तुझ्यासाठी साठवत होतो. रोज काही नवं तोंडात गेलं की मनात म्हणायचो, हे म्हातारीला सांगायचं. तू गाडीतळावर आंबील विकलीस, आल्यागेल्या गाडीवानाला "तुमच्या गावात काय खात्यात?" विचारलंस, पण पंचगंगा ओलांडून कधी लांब गेली नाहीस. तुझ्या वाटचं मी खात होतो.

मग एके दिवशी धक्क्यावर घोडे चढवत होते. हजार आवाज, अरबी, फारसी, साखळ्यांचे, शिट्ट्यांचे. त्यातनं एक आवाज आला, "आरं हळू की, जनावर हाय ते, पोतं न्हाय." माझे कान पहिल्यापासून तिखट. गर्दी ढकलत धावलो. आपल्या महाराजांच्या पागेतला मोतद्दार, घोडे न्यायला आलेला. मी विचारलं, पावणं, कुठली गल्ली? त्यानं मला खालून वर निरखलं, म्हणाला, "तुम्ही आंबीलवालीचं ल्योक न्हवं?" आये, समुद्रापलीकडं मला कुणी तुझ्या नावानं ओळखलं. मी असा फुललो की त्याचा हातच धरला. तो हात त्यानं हळूच सोडवला. घोड्याचा लगाम या हातातनं त्या हातात घेतला, मग म्हणाला, "म्हातारी गेली की, पावणं. गाठीच्या तापात, पलेगात. सगळं गाव रानात झोपड्या घालून हुतं. तुमास्नी कुणी कळवलं न्हाय व्हय?"

कळवणार कोण. मी तुला एकटा आणि तू मला.

त्यानंतर माझ्या पोटात काही जाईना. तिकडं बघावं तिकडं गोड. खजूर, खजुराचा पाक, गुलाबाचं पाणी घातलेला हलवा. वास आला की मी तोंड फिरवायचो. तोंडाला एकच ओढ होती, काहीतरी आंबट, पातळ, पिठाचं. दिवस निघत होते, मी चिपाडासारखा वाळलो, आणि शेटजीचं काम तर करायचंच होतं.

नदीकाठच्या एका बागवाल्याकडं खजुराचा सौदा ठरवायला गेलो. मोठं घर, चटईवर बैठक, मधोमध चुलाणं. कॉफी देणारा पेल्यावर पेला वाजवत आला. मी पेला घेतला आणि तू लावलेल्या सवयीनं, भुईला थेंब द्यायला, आधी जमिनीवर टेकवला. तू कुणालाही आंबील देताना पहिला थेंब भुईला द्यायचीस आणि मी तसाच तोंडाला लावला तर पाठीत धपाटा घालून म्हणायचीस, "भुईला दे आदी, तिला काय तोंड न्हाय व्हय?" तो धपाटा आठवला आणि पेला मला उचलेना. तसाच बसलो. जरा वेळानं ऐकलं तर बैठक शांत. कुणी घोट घेत नाही, कुणी बोलत नाही, सगळे माझ्या त्या जमिनीवरच्या पेल्याकडं बघतायत.

दुभाष्यानं कोपर मारलं. कानाशी लागून म्हणाला, शेठ, हे काय केलंत? इथं पाहुण्यानं कॉफी न पिता खाली ठेवली म्हणजे तो काही मागायला आलाय. मालकानं ते द्यायचंच, त्याखेरीज पाहुणा पेला उचलत नाही. मालक विचारतायत, काय पाहिजे?

आता तू मला ओळखतेस. भाजीवालीकडनं कोथिंबीर वर मागून घेणारा मी. समोर अख्खी बाग उभी, मालक शब्दात अडकलेला, आणि माझ्या तोंडातनं आपल्या बोलीत निघालं, "आंबील पायजे."

दुभाषा म्हणाला, काय? मी त्याला सांगितलं, धान्याचं पीठ आंबवून करतात, प्यायचं असतं, माझी आई करायची, ती गेली. त्यानं ते सगळं मालकाला सांगितलं. मालक हसला नाही. उठला, आतल्या पडद्याशी जाऊन बोलला. पडद्याआडनं एका म्हातारीचा आवाज आला, पुरुषांच्या अकलेला वैतागलेला, अगदी तुझ्या चढावाचा. दुभाषा म्हणाला, विचारते आहे, पातळ की घट्ट? म्हटलं, पातळ. आंबट कशानं करायची? म्हटलं, ताकानं. ऊन की गार? पीठ भाजून की कच्चं? वर काय घालायचं? तिथं मी अडकलो. जन्मभर प्यायलो, एकदाही बघितली नव्हती करताना. म्हातारी आत काहीतरी बोलली, दुभाष्यानं ते मला सांगितलं नाही.

मग आतनं आवाज यायला लागला. मडक्याच्या कडेला पळी लागते तो. आधी पाणी नुसतं खुळखुळतं, मग पीठ सोडलं की आवाज जड होतो, मग पळी बुडाला घासते, मग दोनदा कडेवर आपटून झटकतात. तसाच, आये, त्याच क्रमानं. मी मान खाली घालून ऐकत राहिलो.

तांब्याच्या वाडग्यात आलं. सातूचं पीठ, आंबट दही घुसळून केलेलं ताक, मीठ, आणि वरनं तिथल्या वाळक्या लिंबाची पूड. ती लिंबं उन्हात वाळून काळी पडतात, हलवली तर आतल्या बिया खुळखुळतात. मी पहिला थेंब भुईला दिला. लगेच पडद्याआडनं आवाज, आणि दुभाषा ओठ दाबत म्हणाला, सांगते आहे, परत सांडलंस तर मिळायचं नाही. मी प्यायलो. दुसरं वाडगं आलं, तेही प्यायलो. किती दिवसांनी पोटात काही ठरलं. तेरावं म्हणून माझ्या हातून जे काय झालं, ते एवढंच. निघताना म्हातारीनं त्या लिंबांची पुरचुंडी पाठवली. वाटेत दुभाषा मला शिव्या घालत होता की भाव पाडून मागायचा सोडून रानटी माणसानं पेज मागितली.

आता इकडचं सांगतो. महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली, तिथं माझी गुळाची अडत आहे. दारात गाड्या लागतात, त्या बघायला तू पाहिजे होतीस. दर मार्गशीर्षात यल्लम्माच्या आंबिलीच्या जत्रेवेळी आपल्याकडंही डेरा भरतो आणि येईल त्या गाडीवानाला तुझ्या नावानं आंबील देतो. तुझी सून जोंधळ्याचं पीठ आंबवते, लसूण ठेचते, आणि शेवटी मी मुंबईहून मागवलेल्या त्या लिंबांची चिमूटभर पूड टाकतो. तुझी नातवंडं सगळ्यांना सांगत फिरतात, आमच्या आज्जीची आंबील. मी कधी नाही म्हटलं नाही.

यंदा एक जख्ख म्हातारा आला, पोरानं हाताला धरून आणलेला. गाडीतळावर तुझ्याकडं प्यायचा म्हणाला. मी स्वतः वाढली. त्यानं पहिला थेंब भुईला दिला, घोट घेतला, गिळला नाही, तोंडात धरून ठेवला. मग माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "म्हातारीचीच… की."

सगळे खूश झाले. पण माझे कान कसे आहेत ते तुला माहीत आहे. त्या दोन शब्दांमधे तो थांबला, ते मी ऐकलं. त्याला विचारणार होतो, बाबा, काय कमी आहे, काय जास्त आहे, सांगा. तुझी चव ठाऊक असलेला तो शेवटचाच असेल. तोंड उघडलंही होतं. मग त्याला आणखी वाढली आणि त्याच्या पोराशी बैलांचं बोलत बसलो.

हा कागद मी लिंबांच्या डब्यात ठेवणार आहे, तिथं माझ्याशिवाय कुणी हात घालत नाही. तुझी पळी कडेवर कशी वाजायची, बांगडी कधी खणकायची, शेवटचे दोन ठोके कसे पडायचे, सगळं कानात जसंच्या तसं आहे. जिभेवर मात्र त्या परक्या म्हातारीचं वाडगं आहे. तुझी आंबील कशी लागायची, ते मला आठवत नाही, आये.