घरपट्टी आणि माझी कॉट

गुरुवार, संध्याकाळ. माहूज, आखात

गावी मी बांधलेलं घर मोजायला ग्रामपंचायतीचा माणूस येणार होता, घरपट्टीसाठी. रिकाम्या खोलीला पट्टी लागत नाही, असं आईला कुणीतरी सांगितलं. तिने माझी खोली रिकामी केली आणि कॉट शेजाऱ्यांना देऊन टाकली. माझी कॉट! आज फोनवर ऐकलं आणि डोकंच फिरलं. "आई, पट्टी बांधकामावर असते. कुणी राहो न राहो!" किती ओरडलो मी. त्या माणसानेही तेच सांगून खोली मोजली म्हणे.

मग तिने हळूच विचारलं, "कॉट परत मागू का? कधी येतोयस?"

लीव्ह यंदाही मंजूर नाही. कसंबसं सांगितलं.

"मग राहू दे," आई म्हणाली. "त्यांचा नातू झोपतो तिच्यावर."